एका फेऱ्याची लांबी

"तुम्ही जीपने पुढे जा, नेर्लेकरबाई," मोडक सर म्हणाले. "मोठा चढ आहे. उगाच दमाल."

मी माझ्या लेडीज सायकलच्या हँडलवर हात ठेवून उभी होते. कोळवडीच्या वनखात्याच्या फाटकापाशी सकाळचे पावणेसात वाजले होते. फेब्रुवारीतला दुसरा रविवार, साल १९९४. फाटकाच्या आत तांबड्या मातीची लाकूडवाट ऐन-किंजळीच्या रानात शिरत होती. संस्थानच्या काळात लाकडाच्या बैलगाड्यांसाठी ती बांधली, आणि नंतर मोटारींना कायमची बंद केली. फाटकाबाहेर पुण्या-कोल्हापुराहून आलेले तीस सायकलस्वार टायर अंगठ्याने दाबून पाहत होते. प्रत्येकाच्या हातात सरांची नवी कोरी पुस्तिका होती : 'मोटारमुक्त वाटा'. आज तिचं उद्घाटन होतं.

"बरं, सर," मी म्हणाले.

सरांनी शिट्टी वाजवली. आमच्या कॉलेजचे ते प्राचार्य, भूगोलाचे. पन्नाशी उलटली तरी पाठ ताठ होती आणि आवाज मैदानावरचा. "लक्षात ठेवा मंडळी! वाटाड्या नाही, पाट्या नाहीत. तुमच्या सायकलचा मीटर आणि ही पुस्तिका, बस्स. तीच तर गंमत आहे. एकवीस किलोमीटरला झरा, अठ्ठाविसाला डावीकडे वळायचं, पस्तिसाला धरणावर जेवण. साडेबाराला मांडवात भेटू!"

टाळ्या वाजल्या. सायकली एकेक करून फाटकातून आत गेल्या, सगळ्यांत पुढे सरांची. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून चार मिनिटं.

बिरू झोरे माझ्याजवळ येऊन उभा राहिला. वनखात्यात तो रोजंदारीवर वॉचर होता, वरच्या धनगरवाड्यावरचा. "बाई," तो हळूच म्हणाला, "झरा एकवीसला कवापास्नं ग्येला? तुमी तर अठरा म्हनला व्हता."

"ते त्यांचं त्यांना कळेल, बिरूभाऊ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझी सायकल उचलली आणि जीपच्या टपावर बांधायला लागला. गाठ मारता मारता म्हणाला, "आमची ठकू ताक घिऊन बसलीया पान्यावर. तीस मानसं येनार म्हनून पहाटंपास्नं घुसळतीया."

मी ते ऐकलं. ऐकलं होतं हे मला नक्की आठवतं.

---

ती वाट मी मोजली होती. तीन हिवाळे लागले.

मी भौतिकशास्त्र शिकवायचे. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर होते. मागावर विणलेलं कापड मोजायला एक पाच आकडी काउंटर असतो, त्याची छोटी दांडी दर वेळी हलली की आकडा एकाने पुढे सरकतो. वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत तसा एक काउंटर सापडला. तो मी माझ्या सायकलच्या पुढच्या चाकापाशी बसवला आणि एका तारेला खिळा बांधला. चाकाचा एक फेरा पुरा झाला की खिळा दांडीला लागायचा. टक्. एक फेरा. टक्. दोन.

वाटेवर ओढा आला, वळण आलं, फाटा आला, की उतरून वहीत फेरे लिहायचे. चढ किती अंशांचा, ते कोनमापकाला दोऱ्याने टांगलेला नट सांगायचा. बिरू कोयता घेऊन पुढे चालायचा, आडव्या आलेल्या फांद्या तोडत. चढाला तो माझ्या पुढे असायचा आणि उताराला मैलभर मागे. धापा टाकत येऊन पोचला की म्हणायचा, "बाई, ह्ये चाक मानसाला माजुरं करतं."

बिरूच्याच वाड्यावरची ठकूबाई मला पहिल्या हिवाळ्यात भेटली, तिच्याच पाण्यावर. वाटेवरून तो झरा दिसत नाही; दोनशे पावलं खाली उतरावं लागतं. तिच्या सासूच्या सासूने तिथे दगड लावून कुंड केलं होतं आणि तेव्हापासून घरातल्या थोरल्या सुनेकडे ते राखायचं काम होतं. तिच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या नावाचं असणार, आता त्याला सगळे ठकूचं पाणी म्हणायचे. तिने मला ताक दिलं. मी एक द्रोण प्यायले आणि पुरे म्हणाले.

"पुरं कसं?" ती म्हणाली. "तुज्या नावानं काडलंय. वाटसराच्या नावानं काडल्यालं ताक आमी माघारी न्हेत न्हाई. म्हसरं आटत्यात."

"मग उरलं तर काय करता?"

"उरत न्हाई. बसून ऱ्हायाचं. कोन ना कोन येतंच."

मी आणखी दोन द्रोण प्यायले. वहीत लिहिलं : ९४९४ फेरे. ठकूचं पाणी. वर्षभर टिकणारं.

कल्पना सरांची होती, हे मी नाकारत नाही. मोटारी नसलेल्या जुन्या रानवाटा शोधायच्या, मोजायच्या, त्यांची पुस्तिका काढायची, शहरातल्या सायकलवाल्यांना इथं आणायचं. "तुम्ही मोजा, मी लिहितो," ते म्हणाले होते. "दोघांचं नाव घालू, बाई. मोठं काम होईल." तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मी चार वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "वा. बिरूने चांगलं काम केलंय."

मला वाटलं, बिरूचंही कौतुक करताहेत.

मग जुलैमध्ये, एका दुपारी, मी पगारपत्रकावर सही करायला ऑफिसात गेले होते. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. छापखान्याचा माणूस विचारत होता, "सर, मोजणी म्हणून कोणाचं नाव टाकू?"

"माझंच टाका. नेर्लेकरबाईंना आभारात घ्या. आकडे लिहून घ्यायला मदत केलीय त्यांनी."

"मोजलं त्यांनीच ना?"

सर हसले. मोठ्याने नाही, एखाद्या लहान मुलाचं बोलणं ऐकून हसावं तसं. "अहो, बाईमाणूस त्या रानात सायकल चालवणार? चाळीस किलोमीटर? वनखात्याचा तो धनगर आहे ना, त्याने मोजलंय सगळं. बाई जीपने जात असणार वरपर्यंत. पण बोलायचं नाही आपण, वाईट वाटेल त्यांना."

मी पगारपत्रकावर सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

ऑगस्टमध्ये सरांच्या टेबलावर पुस्तिकेचं कच्चं प्रूफ दिसलं, अंतरांच्या जागा अजून रिकाम्या होत्या. पहिल्या पानावर : 'संशोधन व मोजणी : प्राचार्य भा. वि. मोडक.' शेवटच्या पानावर, छापखान्याच्या नावाखाली : 'स्थानिक मदतनीसांचे आभार.' माझं नाव आभारातही नव्हतं. ठकूच्या पाण्याचा 'नैसर्गिक झरा' झाला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. सर छपाईसाठी पुण्याला होते. त्यांचं अक्षर तिरकं आणि घाईचं असायचं : 'वह्यांत सर्व अंतरे फेऱ्यांत आहेत, एका फेऱ्याची लांबी कुठे सापडत नाही. चाक नेहमीचे जेन्ट्स, २८ इंची धरून अंतरे काढली आहेत. निराळे असल्यास उलट टपाली कळवावे.'

लांबी पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेली होती. त्यांनी पुठ्ठा उघडून पाहिला नव्हता. आणि वही ज्या सायकलवर भरली ती सायकल तीन वर्षं रोज त्यांच्या खिडकीखाली उभी असायची. चोवीस इंची चाक, निळा रंग, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी.

मी कार्ड दोनदा वाचलं. मग कागद घेऊन हिशेब केला. माझं चाक, मी बसल्यावर, एका फेऱ्यात एक मीटर एकोणनव्वद पूर्णांक सहा दशांश सेंटिमीटर जायचं. त्यांनी धरलेलं चाक दोन मीटर सव्वाएकवीस. म्हणजे दर सहा किलोमीटरला पुस्तिकेत एक किलोमीटर जास्त छापला जाणार होता. अठराचा झरा एकवीसला. चोवीसचा धरणाकडचा फाटा अठ्ठावीसला.

आणि खऱ्या अठ्ठाविसाव्या किलोमीटरला दुसरा एक फाटा होता. तोही डावीकडचा, तोही उताराचा. तो कोळसदरीत जायचा. जुन्या कोळसाभट्ट्या, चार किलोमीटर खाली, आणि पुढे वाट नाही. तिथून फक्त वर यायचं, सायकल ढकलत.

मी घाई केली नाही. दिवाळीच्या सुट्टीत बिरूबरोबर त्या दरीत दोनदा उतरून आले. कडा नाही, मोकळी जागा आहे, तळाशी ओढ्याला पाणी आहे. कुणाला इजा होणार नाही याची खात्री करून घेतली. फक्त उशीर होणार होता. आणि शरम. जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांसमोर, मांडवासमोर, टोपल्यांतल्या हारांसमोर. प्रयोग मांडताना जेवढ्या गोष्टी धरायच्या असतात तेवढ्या मी धरल्या.

पोस्टकार्डाला उत्तर पाठवलं नाही. ते पर्समध्ये ठेवलं.

---

जीप डांबरी रस्त्याने घाटाला वळसा घालून अकराला धरणावर पोचली. मांडव बांधून तयार होता. जिल्ह्याचे साहेब बाराला आले. रेंजर इनामदारांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, धरणाची उंची सांगितली. साडेबारा वाजले. सगळे वाटेच्या तोंडाकडे पाहत होते.

मी मागच्या रांगेत बसले होते. मला भूक नव्हती, तहान नव्हती. इतकं शांत मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. मनात मी त्यांच्याबरोबर वर चालले होते. आता एकवीस. सर म्हणताहेत, इथेच कुठेतरी झरा असणार. बाटल्या रिकाम्या. उजवीकडे शोधा, डावीकडे शोधा. कुणीतरी म्हणतंय, सर, पुस्तिकेत तर एकवीस लिहिलंय. आता अठ्ठावीस. सर हात वर करताहेत, डावीकडे! आता उतार, वारा, ओरडणं. आणि आता तळ. काळ्या पडलेल्या भट्ट्या, आणि समोर नुसतं रान.

एक वाजला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे मोडक किती वाजता म्हणाले होते?"

"येतीलच, साहेब," इनामदार म्हणाले. "रानाची वाट आहे."

दीड. हारांवर पाणी शिंपडलं गेलं. साहेबांनी वाट न पाहता जेवून घेतलं. ढेकर देऊन म्हणाले, "पुस्तिकेत मात्र सगळं अगदी मिनिटामिनिटाला आखलंय," आणि हसले. इनामदारही हसले. मी मान खाली घातली. मला हसू आलं होतं आणि ते कुणी पाहू नये असं वाटत होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी पहिली सायकल दिसली. मग दुसरी. माणसं चालत होती, सायकली टेकू घ्यायला धरल्यासारख्या. कपड्यांवर कोळशाची काजळी, पोटऱ्यांवर ओरखडे. एका बाईची चप्पल तुटून पायाला रुमाल बांधला होता. सर शेवटून तिसरे होते. चेहरा विटकरी झाला होता. साहेबांकडे न पाहता ते सरळ इनामदारांपाशी गेले.

"तुमचा तो माणूस कुठाय? धनगर?"

बिरू पाण्याचे पेले भरत होता. तो पुढे आला.

"ह्याने!" सर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "साहेब, सगळे आकडे ह्याने दिलेत. मोजणी ह्याची. मी एका अडाणी माणसावर विसंबलो ही माझी चूक. तीस माणसं दरीत उतरवली ह्याने, झरा सापडलाच नाही, फाटा चार किलोमीटर इकडचा तिकडे! मुद्दाम केलंय की दारू पिऊन मोजलंय, देव जाणे."

मी उभी राहिले नाही. हे मी लिहायला हवं. मी ऐकत बसले. माझ्या हिशेबात सर साहेबांसमोर मान खाली घालून उभे राहणार होते आणि म्हणणार होते, माझं चुकलं. बिरूचं नाव त्यात येईल हे मी धरलंच नव्हतं. आणि यायलाच हवं होतं, कारण सरांच्या लेखी ती वाट त्यानेच तर मोजली होती.

इनामदारांनी साहेबांकडे पाहिलं, मग बिरूकडे. "बिरू, उद्यापासून कामावर येऊ नको."

"साहेब," बिरू म्हणाला. हातातला पेला त्याने खाली ठेवला. "म्या कसं मोजीन?"

"म्हणजे?"

"मला सायकलच येत न्हाई."

मग त्या चप्पल तुटलेल्या बाई हसल्या, आणि त्यांच्यामागे मांडवातले निम्मे लोक. दमलेली माणसं हसतात तसं, आवरत नाही असं हसणं.

"खरंच न्हाई येत," बिरू म्हणाला, आणखी घाबरून. "एकदा बसलो व्हतो, जत्रंत. घानेरीत पडलो."

"मग मोजलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

बिरूने माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी त्याने विचारलेलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं ते त्याला आठवत होतं. तरीही तो जमिनीकडे पाहत उभा राहिला. त्याने नाव घेतलं नाही.

मी उठले.

जीपच्या टपावरून सायकल काढली. एक मुलगा मदतीला धावला, त्याला नको म्हणाले. इनामदारांकडे झाडांचा घेर मोजायची लांब फीत होती, ती मागितली. मांडवाच्या सजावटीतला चुन्याचा डबा घेऊन पुढच्या टायरवर एक ठिपका दिला, तेवढाच जमिनीवर. बिरूला फितीचं टोक धरायला सांगितलं. मग पदर खोचून सायकलवर बसले आणि सरळ रेषेत दहा फेरे गेले. काउंटरने दहा वेळा टक् केलं. एवढ्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू आला असणार.

"वाचा, साहेब," मी म्हणाले.

साहेब स्वतः वाकले. "अठरा मीटर शहाण्णव."

"आता ती घ्या." एका स्वाराची काळी जेन्ट्स सायकल होती. त्याच्याकडून दहा फेरे करून घेतले. बावीस मीटर बारा.

"पुस्तिकेतल्या प्रत्येक आकड्याला ह्या बावीस-बाराने भागा आणि अठरा-शहाण्णवने गुणा," मी म्हणाले. "झरा अठराला येईल. फाटा चोविसाला. माझ्या वह्यांत एकही आकडा चुकलेला नाही."

एकाने पुस्तिकेच्या मागेच गुणाकार केला. "येतंय," तो म्हणाला. "अठरा बरोबर."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं नाव काय?"

"कुमुद नेर्लेकर. भौतिकशास्त्र."

"पुस्तिकेत कुठे आहे?"

"नाही."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. ते पाहणं मी सहा महिने आधी मनात पाहिलं होतं, जसंच्या तसं. सरांची मान खाली गेली. ताठ पाठ वाकली. मला जे हवं होतं ते समोर होतं आणि मी ते पोटभर पाहिलं. बिरूचं काम राहिलं. इनामदारांनी तिथेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग सर माझ्याजवळ आले. अगदी हळू म्हणाले, "बाई, मी कार्ड पाठवलं होतं."

"हो."

"मिळालं होतं?"

मी पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आपलंच अक्षर ओळखू येत नसल्यासारखं.

"तीस माणसं होती हो, बाई."

"मी दोनदा उतरून पाहिलं होतं," मी म्हणाले. "धोका नव्हता."

पुढे नोकरीच्या अकरा वर्षांत आम्ही कामाशिवाय बोललो नाही. दुसऱ्या आवृत्तीवर माझं नाव आलं, आधी माझं आणि मग त्यांचं. आता त्या वाटेवर दर किलोमीटरला रंगवलेले दगड आहेत, आणि अठराव्या दगडावर ठकूचं पाणी असं लिहिलेलं आहे. ते मी भांडून लिहून घेतलं. पण ते सगळं नंतर.

त्या दिवशी मांडवात ताटं वाढली जात होती तेव्हा त्या रुमाल बांधलेल्या बाई मला म्हणाल्या, "पाणी तेवढं मिळायला हवं होतं हो. झऱ्यावर कुणी ताक घेऊन बसणार होतं म्हणे."

मी बिरूकडे पाहिलं.

"बसली आसंल अजून," तो म्हणाला.

---

धरणापासून पाण्यापर्यंत बारा किलोमीटर, बहुतेक सगळा चढ. मी साडेतीनला निघाले. काउंटर टक् टक् करत होता. एका वळणावर मी थांबले आणि खिळा सोडून टाकला. पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

दोनशे पावलांची ती पायवाट झाडून काढली होती. पानं बाजूला केलेली, मातीवर खराट्याच्या रेघा. पूर्ण उतरेपर्यंत मला त्या रेघांवर एकही पाऊल उमटलेलं दिसलं नाही. माझं पहिलं.

ठकूबाई कुंडाच्या दगडावर बसली होती. शेजारी पितळी घागर, तोंडावर कुंभ्याची ओली पानं. पलीकडे पळसाचे द्रोण, एकात एक घालून तीन थप्प्या. तिने त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले होते.

"आलीस?" ती म्हणाली. "बाकीची मागं ऱ्हायली व्हय?"

"ती येणार नाहीत, ठकूबाई."

"का गं? वाट चुकली?"

मला वाट चुकली म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

"चुकली नाहीत," मी म्हणाले. "मी चुकवली." आणि मी सगळं सांगितलं. चाक, कार्ड, सर काय म्हणाले ते, बिरूवर काय आलं होतं ते. तिला फेरे आणि मीटर कळले असतील असं वाटत नाही. पण मध्ये ती एकदाही काय म्हणून विचारायला थांबली नाही.

"तुला आदीच ठावं व्हतं," ती म्हणाली, "आज हितं कोन येनार न्हाई."

"हो."

"आनि मी बसलेली, त्ये?"

"सकाळी बिरूभाऊंनी सांगितलं होतं."

तिने घागरीवरची पानं काढली. आंबूस वास आला. सकाळचं ताक होतं, दिवसभर उन्हात मुरलेलं.

"राग गेला का तुजा?" तिने विचारलं.

तिच्याशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. "नाही," मी म्हणाले. "अजून आहे."

"आसंल," ती म्हणाली. तिने थप्पीवरचा खडा उचलून बाजूला ठेवला, एक द्रोण घेतला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. "मग बस. पी."

मी प्यायले. घशात आंबट चटका बसला. द्रोण खाली ठेवायच्या आत तिने दुसरा भरला होता. मग तिसरा. प्रत्येक वेळी नवा द्रोण घ्यायची, रिकामा माझ्या उजव्या हाताला ठेवायची. ती रागावलेली दिसत नव्हती. म्हशीची धार काढताना असतो तसा तिचा चेहरा होता, नुसता कामात.

"ठकूबाई, मला एवढं जाणार नाही."

"तीस जनांचं हाय," ती म्हणाली. "माघारी न्येता यीत न्हाई. तुला म्हाईत हाय."

पाचव्याला पोट तटतटलं. सातव्याला डोळ्यांतून पाणी आलं. वर वाटेवर एखादा तरी माणूस यावा म्हणून मी कान देऊन ऐकत होते, पण त्या वाटेवर त्या वेळी कोण येणार. आठव्या द्रोणानंतर मी उजव्या हाताच्या रिकाम्या द्रोणांकडे पाहिलं, मग थप्प्यांकडे, आणि उरलेले किती ते मनाशी धरायला लागले.

ठकूबाईने नववा भरून पुढे केला.

"मोजू नगंस," ती म्हणाली. "नुस्तं पी."